घरच्या कॉम्प्युटरवर दोन डिस्कांची रेड: लावायची कशी, आणि बिघडली की हात कुठं लावायचा नाही

आमच्या सांगलीत मार्केट यार्डाच्या आसपास फोनवर मोठ्यानं "रेड पडली, रेड पडली" म्हणायचं नसतंय. मी एकदा म्हटलं तर शेजारच्या हळदीच्या दुकानातले काका वह्या उचलूनच बघायला लागले. तर ही ती रेड नव्हे. ही दोनचार हार्ड डिस्का एकत्र बांधून कॉम्प्युटरला एकच डिस्क असल्यासारखं दाखवायची भानगड. 1987-88 च्या सुमारास बर्कले विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी हे नाव काढलं, आणि इंग्रजीतल्या RAID मधला आय म्हणजे मूळात इनएक्स्पेन्सिव्ह, म्हणजे स्वस्तातल्या डिस्का. पुढं कंपन्यांनी त्याचं इंडिपेंडंट केलं, स्वस्त म्हणून कोण विकणार. पण घरी करायचं तर पहिलाच अर्थ खरा.

माझा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा धंदा, विश्रामबागेत वरच्या मजल्यावर एक खोली आणि जुना डेस्कटॉप. एका सीझनला टीबीनं डेटा साठतो. गेली काही वर्षं लिनक्सवर दोन डिस्कांचा आरसा, म्हणजे रेड 1, चालवतोय. त्यात एक डिस्क खरोखर मेली आणि एकदा मीच सगळं जवळजवळ मारलं. त्यातला दुसरा किस्सा पुढं येईलच.

आधी लेव्हल ठरवा. रेड 0 मध्ये वेग मिळतो पण दोनातली एक गेली की सगळं गेलं, त्यामुळं ज्याला किंमत आहे असं काहीही त्यात ठेवू नका. रेड 1 मध्ये दोन्ही डिस्कांवर तेच, 4 टीबीच्या दोन घेतल्या तर जागा 4 टीबीच. रेड 5 ला कमीत कमी तीन लागतात, 4 च्या तीन घेतल्या की 8 मिळतात आणि एक गेलेली चालते. लोकांना ते 8 बघून मोह होतो. पण एक डिस्क गेल्यावर नवीन बसवली की उरलेल्या दोन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, आणि नेमकं तेव्हाच दुसरीनं दगा दिला तर बसा बोंबलत. घरासाठी माझं मत सरळ आहे, दोन डिस्का आणि आरसा. आरशातली एक डिस्क काढून कुठल्याही लिनक्स मशीनला लावली तरी फोटो दिसतात, हे सुख पाचात नाही.

डिस्का घेताना दोन्ही एकाच दुकानातनं एकाच खोक्यातल्या घेऊ नका, एकाच लॉटच्या बऱ्याचदा एकाच सुमारास आजारी पडतात. आणि सीएमआर आहे का एसएमआर ते स्पेक शीटवर बघून घ्या. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, (सीएमआरमध्ये शेजारी-शेजारी), त्यामुळं रीबिल्ड करताना, म्हणजे नव्या डिस्कवर सगळं परत भरताना, ती इतकी रखडते की कधीकधी सिस्टिम तिला मेली समजून बाहेर काढते. दुकानदाराला विचारलं तर "सगळ्या सेमच असतात ओ" म्हणणार, त्यामुळं मॉडेल नंबर टाकून स्वतःच बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि हे कॉम्प्युटर चालू करायच्या आधीचं. डिस्कच्या स्टिकरवर सिरियल नंबर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे मार्करनं कागदी टेपवर लिहून डिस्कच्या त्या कडेला चिकटवा जी केस उघडल्या उघडल्या समोर दिसते. वहीतपण लिहा. पाच मिनिटांचं काम आहे, मी तेव्हा केलं नव्हतं.

सिस्टिम वेगळ्या छोट्या एसएसडीवर ठेवा, उबुंटू नायतर डेबियन, आणि आरशात फक्त डेटा. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, रेडचा जो पर्याय दिसतो तो चालू करायचा नाही, एएचसीआयवरच (डिस्का सुट्या दाखवणारा पर्याय) ठेवा, तो मदरबोर्डचा रेड बोर्ड बदलला की डोकेदुखी होतो. विंडोजवाल्यांना विंडोज 8 पासून स्टोरेज स्पेसेस आलंय, कंट्रोल पॅनेलमध्ये सापडेल, त्यात टू-वे मिरर निवडा. मी इथून पुढं लिनक्सचंच सांगतोय.

लिनक्सवर रेड बनवायच्या आणि सांभाळायच्या साधनाचं नाव एमडीएडीएम (mdadm). कमांडी इथं बोलल्यासारख्या लिहितोय, टाइप करताना इंग्रजीतच करायच्या. पहिल्यांदा एलएसबीएलके ही कमांड नाव, साइज, मॉडेल आणि सिरियल हे कॉलम मागून चालवा. एसडीए, एसडीबी अशी नावं दिसतील आणि शेजारी सिरियल. टेपवरचे आकडे याच्याशी जुळवा. मग दोन्ही डिस्कांवर जीपीटी पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठं ते सांगणारी यादी) टाकून एकेक पार्टिशन करा, पण शेवटाला 100-200 एमबी मोकळं सोडा. कारण उद्या दुसऱ्या कंपनीची 4 टीबी आणली आणि ती चार एमबीनं लहान निघाली तर एमडीएडीएम तिला घेत नाही, आणि तुम्ही रात्री अकरा वाजता कपाळाला हात लावून बसता.

मग सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं, एमडीएडीएमला क्रिएट सांगायचं, नाव एमडी0, लेव्हल 1, रेड-डिव्हायसेस 2 आणि दोन्ही पार्टिशनची नावं. तो एक इशारा देतो की मेटाडेटा (रेडची स्वतःची माहिती) सुरुवातीला आहे, यावरनं बूट होईलच असं नाही. आपल्याला बूट करायचंच नाही, वाय दाबा. प्रॉक फोल्डरातली एमडीस्टॅट फाइल कॅटनं वाचली की रीसिंक, म्हणजे दोन्ही डिस्का सारख्या करायचं काम, किती टक्के झालं ते दिसतं, आणि कंसात दोन यू दिसले की दोन्ही डिस्का हजर. एका यूच्या जागी आडवी रेघ आली की एक गैरहजर. ही एक ओळ वाचता आली की निम्मी रेड आली. 4 टीबीला सरासरी 150 एमबी सेकंदाला धरलं तर साडेसात तासाच्या आसपास लागतात, पण तोवर थांबायची गरज नाही, ईएक्सटी4 नं फॉरमॅट मारा, माउंट करा, वापरा. 4 टीबीची डिस्क 3.6 दिसली तर दुकानदाराशी भांडू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे एवढंच.

इथं तीन गोष्टी राहतात आणि निम्म्या लोकांचा घोळ या तिघांतच असतो. एक, एमडीएडीएमला डिटेल आणि स्कॅन देऊन जी ओळ मिळते ती ईटीसीतल्या एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलीत शेवटाला टाका आणि मग अपडेट-इनिट-रॅम-एफएसला यू (-u) देऊन चालवा. हे नाही केलं की रीबूटनंतर एमडी0 गायब आणि एमडी127 नावाचं कायतरी उगवतं, लोक घाबरतात, डेटा तिथंच असतो, फक्त नाव बदललेलं असतं. दोन, एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठली डिस्क कुठं जोडायची त्याची फाइल) एमडी0 असं नाव न लिहिता यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख नंबर, लिहा आणि सोबत नोफेल. नोफेल नसलं आणि आरसा उठला नाही तर मशीन दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. तीन, खबर मिळायची सोय. कॉन्फ फाइलीत मेलचा पत्ता टाकता येतो पण घरच्या मशीनवरनं मेल जायला वेगळी तयारी लागते. त्यापेक्षा प्रोग्राम नावाची ओळ असते, डिस्क पडली की ती सांगितलेली स्क्रिप्ट चालवते. मी त्यात मोबाइलवर मेसेज यायची सोय केलीय. मॉनिटर, स्कॅन, टेस्ट, वनशॉट हे चारही देऊन एकदा खोटा मेसेज पाठवून बघा.

आणि खरा डेटा टाकायच्या आधी एक रंगीत तालीम करा. एमडीएडीएमला फेल सांगून एक डिस्क मुद्दाम पाडा, रिमूव्ह करा, एमडीस्टॅटमध्ये रेघ बघा, मग ॲड करून परत घ्या. वेळ आली तेव्हा हात थरथरत नाहीत.

माझे थरथरले होते, कारण मी तालीम केली नव्हती. झालं असं. डिसेंबरात, ऐन सीझनला, एक रेघ दिसली. लॉगमध्ये एसडीबी लिहिलेलं. मी मशीन बंद केलं, केबली जरा हलवल्या, परत चालू केलं, तरी रेघ. मग परत बंद करून "दुसरी" डिस्क काढून ठेवली आणि चालू केलं. आरसा उठला, एका डिस्कवर. फोल्डर उघडला तर शेवटच्या 19 दिवसांचं काहीच नाही. कुपवाडचं एक पूर्ण लग्न, हळदीपासनं वरातीपर्यंत, गायब. पंखा चालू असून घाम फुटला.

काय झालं होतं, तर एसडीए-एसडीबी ही नावं कायमची नसतात, केबल हलली, रीबूट झालं की अदलाबदल होऊ शकते. मी चांगली डिस्क काढून ठेवली होती, आणि जी 19 दिवसांपूर्वीच आरशातनं बाहेर पडलेली ती एकटी मशीनमध्ये होती, त्यामुळं मला 19 दिवसांपूर्वीचा कॉम्प्युटर दिसत होता. खबर यायची सोय नव्हती म्हणून तेवढे दिवस कळलंच नाही. नशीब की मी त्याच्यावर काही लिहायच्या आत बंद केलं. काढलेली डिस्क एकटी लावली, कुपवाडचं लग्न जागेवर होतं. मग पहिल्यांदा त्याची कॉपी तिसऱ्या डिस्कवर घेतली, आणि त्यानंतरच शिळ्या डिस्कवरचा सुपरब्लॉक (रेडची जुनी ओळखपट्टी) झिरो करून तिला नव्यासारखी ॲड केली.

आणि गंमत म्हणजे डिस्क खराब नव्हतीच. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएल कमांडनं बघा, 199 नंबरचा सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर बहुतेक वेळा साटा केबल, डिस्क नव्हे. माझी केबल वाकून दाबली गेली होती, ती बदलली आणि आकडा वाढायचा थांबला (जुना आकडा शून्य होत नाही, फक्त वाढायचा थांबतो, हे लक्षात ठेवा). 5 नंबर म्हणजे बदललेले सेक्टर आणि 197 म्हणजे वाचताना अडलेले सेक्टर, हे दोन वाढायला लागले तर मात्र डिस्कची घरघर सुरू झाली, नवीन आणायला निघा.

म्हणून रेघ दिसली की क्रम असा ठेवा: आधी कॉपी, मग सिरियल नंबर, मग स्मार्ट, मग केबल, आणि डिस्कला हात सगळ्यात शेवटी, तोही मशीन बंद करून आणि टेपवरचे आकडे दोनदा वाचून.

कधी कधी आरसा उठतच नाही, एमडीस्टॅटमध्ये इनॲक्टिव्ह लिहून येतं आणि डिस्कांपुढं कंसात एस. अशा वेळी स्टॉप सांगा आणि मग असेंबल स्कॅन. नाही झालं तर दोन्ही पार्टिशनवर एक्झामिन चालवून इव्हेंट्सचा (आरशातल्या बदलांचा) आकडा बघा, ज्याचा जास्त ती ताजी. आकडे दोनचारनं इकडंतिकडं असतील तर असेंबलला फोर्स लावला की होतं. पण कुठं वाचलं म्हणून परत क्रिएट मारू नका. आरशात एकवेळ वाचाल, पण रेड 5 मध्ये डिस्कांचा क्रम नायतर चंक (डेटाच्या तुकड्याची साइज) चुकला आणि रीसिंक सुरू झालं की चांगल्या डेटाची खिचडी होते, आणि ती परत निवडता येत नाही.

लाइट जाणे हा आपल्याकडचा विषय आहेच. मध्येच लाइट गेली की आरसा परत सगळा तपासायला बसतो, पण बिटमॅप, म्हणजे कुठं लिहिणं चालू आहे त्याची नोंद, चालू असेल तर जिथं लिहिणं अर्धवट होतं तेवढाच भाग तपासतो, तासांचं काम मिनिटांत. 100 जीबीच्या वरच्या आरशाला एमडीएडीएम तो आपोआप लावतो, जुन्या आरशाला ग्रोमध्ये बिटमॅप इंटर्नल देऊन लावता येतो. बाहेर पडलेली चांगली डिस्क री-ॲड करतानाही याचाच फायदा. तरी यूपीएस घ्याच, साधा चालतो.

घरगुती डिस्कांची अजून एक खोड. खराब सेक्टर लागला की काही डिस्का मिनिट-दोन मिनिटं एकटीच झगडत बसतात, आणि लिनक्स 30 सेकंदांत कंटाळून लाइन रीसेट करतो. एका सेक्टरपायी अख्खी डिस्क बाहेर. स्मार्टसीटीएलमध्ये एससीटीईआरसीला 70,70 देऊन बघा, म्हणजे सात सेकंदांत हार मान असं डिस्कला सांगणं. डिस्क ऐकत नसेल तर लिनक्सचाच टाइमआउट 180 करा. दोन्ही गोष्टी रीबूटनंतर पुसल्या जाऊ शकतात, त्यामुळं सुरुवातीला चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाका. रीबिल्ड फारच हळू वाटत असेल तर स्पीड लिमिट मिनची (रीबिल्डच्या किमान वेगाची) किंमत बघा, ती मूळची सेकंदाला 1000 केबी असते, म्हणजे मशीनवर दुसरं काम चालू असलं की रीबिल्ड मागं रेंगाळतं. रात्रीपुरती 50000 करा.

डेबियन-उबुंटूत महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर आरशाची तपासणी आपोआप होते, पण रात्री मशीन बंद करत असाल तर ती चुकणार. मग स्वतः सिंक ॲक्शनच्या फाइलीत चेक हा शब्द लिहून सुरू करायची.

आता ज्याच्यावर लोक माझ्याशी वाद घालतात ते. आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फोल्डर डिलीट केला की दोन्ही डिस्कांवरनं त्याच क्षणी जातो. आणि ऑगस्ट 2019 ला आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45, तेव्हा तळमजल्यावरच्या मशीनमधल्या दोन डिस्का काय आणि दहा काय, एकाच पाण्यात. म्हणून माझी तिसरी डिस्क विट्याला दाजींच्या कपाटात असते. महिन्यातनं एकदा ताई-दाजींकडं जातो, भडंगाच्या पिशवीत ताजी डिस्क घालून नेतो आणि तिथली जुनी घेऊन येतो. आल्यावर त्यातलं एक जुनं लग्न उघडून मधूनच दोन मिनिटं व्हिडिओ चालवून बघतो. एकदा दाजींनी ती टीव्हीला लावून बघितली होती, टीव्हीनं "फॉरमॅट करू का" विचारलं आणि दाजींनी सुदैवानं मला फोन केला. तेव्हापासून तिच्यावर टेपवर सिरियल नंबराच्या खाली "दाजी, टीव्हीला लावू नका" असंही लिहिलेलं आहे.