दाताची कॅप आणि ब्रिज: बसवण्याआधी, बसवताना आणि नंतर

कॅप बसवायची ठरली की पहिला प्रश्न येतो, ‘मेटलची घ्यावी की झिरकोनियाची (दातासारख्या पांढऱ्या, टणक सिरॅमिकची)?’ त्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं की आत दात किती शिल्लक आहे. कॅप टिकते ती उरलेल्या निरोगी दाताच्या जोरावर. हिरडीच्या वर चहूबाजूंनी १.५ ते २ मिलिमीटर भक्कम दात असेल तर कॅपला पकड मिळते. तेवढा नसेल तर रूट कॅनॉल झालेल्या (आतली नस काढून भरलेल्या) मुळात पोस्ट, म्हणजे बारीक दांडी, घालून वर भराव उभा करतात. पण पोस्टमुळे मूळ बळकट होत नाही, तिचं काम फक्त भराव धरून ठेवायचं. दाताची कड नसताना नुसत्या पोस्टवर कॅप चढवली की एक तर पोस्ट सुटते, नाही तर मूळ उभं चिरतं, आणि चिरलेलं मूळ बहुतेक वेळा काढावंच लागतं. अशा दातावर महागडी कॅप घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रूट कॅनॉल झालेल्या दाढेला कॅप लागतेच असं समजून चाला. कीड आणि खोदकाम यांमुळे दाढ आतून पोकळ झालेली असते. भाकरीतला एखादा खडा किंवा सुपारी दाताखाली आली की तिची भिंत फुटते. पुढच्या दाताचं नुकसान थोडं असेल तर कधीकधी नुसत्या भरावावर भागतं. आपल्याकडे सर्रास घडतं ते असं: ठणका थांबला की कॅपचं काम सुगी संपेपर्यंत पुढे ढकललं जातं. तोवर तात्पुरतं सिमेंट झिजतं, लाळ आत शिरते आणि केलेलं रूट कॅनॉल वाया जातं. महिनाभरात कॅप करून घ्या.

माप घेण्याच्या आठ-पंधरा दिवस आधी दात साफ करून घ्या. सुजलेल्या हिरडीतून रक्त येतं, रक्तात मापाची कड उठत नाही, आणि कड चुकली की त्या फटीत पुन्हा कीड लागते. कॅपखालचा दात किडतो तो बहुतेक वेळा याच कडेपासून. निपाणी-चिकोडी पट्ट्यात विडी ओढणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. धूम्रपानामुळे हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे हिरडी ठणठणीत वाटते, पण खाली हाड झिजलेलं असू शकतं. हिरडीची खोली मोजून आणि एक्स-रे बघूनच पुढे जा. मधुमेह असेल तर आधी साखर आटोक्यात आणा. मिश्री लावण्याची सवय मात्र सोडायलाच हवी, तिने हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडं पडतं.

कॅपचा रंग दात घासण्याआधी, म्हणजे कॅपसाठी यंत्राने तासण्याआधी, आणि दिवसाच्या उजेडात जुळवायचा. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकतो आणि आहे त्याहून पांढरा दिसतो. मग भूल देऊन दात घासतात. चावण्याच्या बाजूने मेटलवर सिरॅमिक असलेल्या कॅपसाठी १.५ ते २ मिलिमीटर, अखंड झिरकोनियासाठी साधारण १ ते १.५ मिलिमीटर जागा लागते. ‘चांगला दात कशाला घासता?’ असं बरेच जण विचारतात. कमी घासला तर कॅप उंच होते किंवा सिरॅमिकचा थर पातळ राहून टवका उडतो. जास्त घासला तर नस दुखावते, आणि रूट कॅनॉल न झालेला दात काही महिन्यांनीही ठणकू शकतो. त्यानंतर बारीक दोरा घालून हिरडी बाजूला सारतात आणि सिलिकॉनने माप घेतात किंवा स्कॅनर फिरवतात. समोरच्या जबड्याचं माप आणि चाव्याची नोंदही हवी.

लॅबमधून कॅप येईपर्यंत तात्पुरती कॅप मिळते. तिच्याशिवाय परतू नका. शेजारचे आणि समोरचे दात थोड्या दिवसांतही सरकतात आणि मग आलेली कॅप बसत नाही. या काळात गोकाकचं करदंट आणि ऊस बंद. करदंटातला डिंक तात्पुरती कॅप सहज उपटतो. फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) वर ओढू नका, बाजूने काढा.

खरी परीक्षा ट्रायलच्या, म्हणजे कॅप बसवून बघण्याच्या, दिवशी. सिमेंट लावण्याआधी आरसा मागून रंग बघा. शेजारच्या दातांमध्ये फ्लॉस घट्ट जायला हवा. सैल गेला तर तिथे रोज भाजी अडकणार. निळा कागद चावून उंची तपासतात, पण भूल असताना नेमकं कळत नाही. घरी गेल्यावर त्याच दाढेवर पहिला दाब येत असेल तर ‘होईल सवय’ म्हणून थांबू नका. उंच कॅपमुळे दात दुखतो, सैल होतो, समोरचा दातही फुटू शकतो. दोन-तीन दिवसांत जाऊन कॅप घासून घ्या. झिरकोनिया घासल्यावर पुन्हा गुळगुळीत पॉलिश करायला सांगा, खरखरीत राहिली तर समोरचा दात झिजवते.

आता मटेरियल. मागच्या दाढेला पूर्ण मेटलची कॅप अजूनही उत्तम, दात कमी घासावा लागतो आणि ती फुटत नाही. निकेलची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. मेटल-सिरॅमिकमध्ये हिरडी खाली सरकली की काळी रेघ दिसते. झोपेत दात खाणाऱ्यांनी सिरॅमिकचा थर टाळून अखंड झिरकोनिया घ्यावी आणि रात्री गार्ड (दातांवर घालायचं संरक्षक आवरण) लावावा.

ब्रिजमध्ये गेलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांवर कॅप चढते आणि मधला खोटा दात त्यांना जोडलेला असतो. म्हणून एका दातासाठी तीन युनिटचं बिल येतं. दात काढल्यावर साधारण दोन ते तीन महिने थांबा. हाड आणि हिरडी आकसून स्थिर होण्याआधी ब्रिज केला तर खोट्या दाताखाली फट पडते. आधाराच्या मुळांचा एकूण पृष्ठभाग गेलेल्या दातांच्या मुळांइतका तरी असावा, हा जुना नियम आजही उपयोगी पडतो. हलणाऱ्या दातावर ब्रिज नको. शेवटची दाढ गेली असेल तर पुढच्या एकाच दातावर मागे लोंबता दात जोडणंही टाळा, चावण्याच्या जोराने आधाराचा दात उखडतो. दोन्ही शेजारी निरोगी, न भरलेले दात असतील तर आधी इम्प्लांटचा (हाडात स्क्रू बसवून त्यावर उभ्या केलेल्या दाताचा) विचार करा. परवडत नसेल तर काढ-घालीचा दातही वाईट नाही.

बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ यांची दंत महाविद्यालयं आहेत. अशा महाविद्यालयांत खर्च खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी येतो, पण खेपा जास्त होतात. खानापूर, चंदगडकडून येणाऱ्यांनी सगळ्या तारखा पहिल्याच दिवशी विचारून घ्याव्यात. संमतिपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर सही करण्याआधी मराठीत समजावून मागा. रूट कॅनॉल, पोस्ट, कॅप यांचे पैसे वेगवेगळे लिहून घ्या आणि झिरकोनियाचं वॉरंटी कार्ड जपून ठेवा.

ब्रिजच्या खोट्या दाताखाली नुसता ब्रश पोचत नाही. सुपरफ्लॉसचं (ब्रिजसाठीच्या खास दोऱ्याचं) कडक टोक एका बाजूने आत घालून जाड भाग खालून पुढेमागे फिरवा, रोज रात्री. दाबल्यावर दुर्गंधी आली किंवा खारट पाणी निघालं तर एका टोकाचं सिमेंट सुटलं असं समजा. दुसरं टोक घट्ट असल्याने ब्रिज पडत नाही आणि आत दात गुपचूप कुजत राहतो. ठणक्याची वाट न बघता दाखवा.

कॅप निघून हातात आली तर फेव्हिक्विक लावू नका. कॅप चुकीच्या जागी चिकटते, गोंदाने हिरडी भाजते आणि नंतर कॅप कापूनच काढावी लागते. धुऊन डबीत ठेवा, त्या बाजूने चावू नका आणि एक-दोन दिवसांत दवाखाना गाठा. आतला दात शाबूत असेल तर तीच कॅप पुन्हा बसते.