हिमालयात मित्रांबरोबर जाताय? या चुका ठाण्यातच टाळा

बालू का घेराच्या मुक्कामी त्या संध्याकाळी कळवावाला जेवला नाही. राजमा-भाताचं ताट घेऊन बसला, दोन घास चिवडले आणि उरलेला भात गुपचूप शेजाऱ्याच्या ताटात सारला. विचारलं तर म्हणाला, "काही नाही रे, बसमधलं खाणं बाधलंय." आम्ही सातजण होतो. बाकी सहांनी ते लगेच मान्य केलं, कारण दुसऱ्या दिवशी हमता पास, म्हणजे मनालीजवळची उंच खिंड, ओलांडायचा होता आणि मान्य करणंच सोयीचं होतं.

रात्री अकराला तो टेंटबाहेर ओकत होता. डोकं दुपारपासून दुखतंय, हे तेव्हा कबूल केलं. "आधी सांगितलं असतं तर तुम्ही मला थांबवलं असतं," म्हणाला. खरं होतं, थांबवलंच असतं.

(आमच्या ग्रुपमध्ये नावं लोकलच्या स्टेशनांवरून पडली आहेत. कळवावाला, ऐरोलीकर, मुलुंडची ताई. खरी नावं फक्त तिकीट काढताना आठवतात.)

"कळसूबाई तर दोनदा झालंय"

येऊरचा रस्ता, मुंब्रादेवीच्या पायऱ्या, खारघरचा डोंगर, जोडून सुट्टी आली की कळसूबाई. यातून पाय आणि दम तयार होतो, वादच नाही. पण कळसूबाई १,६४६ मीटर, आणि विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. म्हणजे अख्खा सह्याद्री पालथा घातलात तरी शरीराची त्या हवेशी ओळख झालेली नसते. ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं, कमी होतो तो हवेचा दाब. बालू का घेरा ३,६०० मीटरच्या आसपास आहे. खाडीकाठच्या ठाण्यात एका श्वासात जेवढा ऑक्सिजन मिळतो, त्याच्या जेमतेम दोन तृतीयांश तिथे मिळतो.

आणि हा त्रास तब्येत बघून येत नाही. कळवावाला आमच्यातला सगळ्यात दणकट, हाफ मॅरेथॉन धावणारा. तोच पहिले दोन दिवस सगळ्यांच्या पुढे पळत होता. दणकट माणसाला इथे धोका जास्त, कारण पाय साथ देतात म्हणून तो वेग धरतो आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही.

डॉक्टर आणि गाईड दोघेही एकच हिशेब सांगतात. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर आजचा मुक्काम कालच्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती. इथे मोजायची ती झोपायची जागा. दिवसा वर जाऊन रात्री खाली आलात तर उलट फायदाच. ट्रेक बुक करताना फोटो बघण्याआधी प्रत्येक मुक्कामाची उंची मागून घ्या आणि वजाबाकी करा. चार दिवसांत उरकणारे स्वस्त प्लॅन बहुतेक या वजाबाकीतच नापास होतात.

कापूर, कॅन आणि गोळ्या

अमरनाथला जाऊन आलेल्या प्रत्येक घरात भीमसेनी कापराची पुडी असते. आमच्या ताईच्या आईने सातजणांसाठी सात पुरचुंड्या बांधून दिल्या होत्या. कापूर हुंगल्याने नाक मोकळं वाटतं, बरं वाटतं, एवढंच. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. खाऊ तर अजिबात नका, पोटात गेलेला कापूर विषारी ठरतो. स्प्रेसारखे ऑक्सिजनचे छोटे कॅन काही मिनिटांत संपतात. ते पुरवून पुरवून वर चढत राहणं म्हणजे पेट्रोलचा काटा खाली आलेला दिसत असताना टेप लावून झाकणं.

डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी खरोखर कामाची आहे, पण मेडिकलवाल्याला विचारून नव्हे, डॉक्टरला विचारून. प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते डॉक्टरला आधी सांगा. ही गोळी घेतल्यावर बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला जास्त जावं लागतं, घाबरू नका. झोपेची गोळी आणि दारू दोन्ही बंद. "थंडीत थोडीशी चालते" म्हणणारा एक तरी मित्र असतोच, त्याची बाटली मनालीतच राहू द्या.

डोकं दुखायला लागलं तर

डोकेदुखीच्या जोडीला मळमळ, भूक मेलेली, गरगरणं किंवा विचित्र थकवा यातलं काही असलं, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीमुळेच आहे असं धरा. "बसमधलं खाणं" हे कारण सिद्ध झालेलं नसतं. अशा वेळी वर जायचं नाही. तिथेच थांबायचं, पाणी प्यायचं. पॅरासिटामॉल घेतली तरी चालते, पण तिने डोकं दुखायचं थांबलं म्हणून लगेच चढायला सुटायचं नाही. वाढत गेलं तर खाली.

आमच्या गाईडने त्या रात्री कळवावाल्याला हेडटॉर्चच्या उजेडात सरळ रेषेत चालायला लावलं, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत. थंडीत कुडकुडत, शिव्या देत तो नीट चालला. मग गाईडने त्याला बसवून शांतपणे श्वास मोजले आणि खोकला ऐकला. ही दोन मिनिटांची तपासणी प्रत्येकाला आली पाहिजे. तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, तर मेंदूला सूज आलेली असू शकते. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यातून फेसाळ गुलाबी कफ येत असेल, तर फुप्फुसात पाणी. दोन्ही बाबतीत उजाडायची वाट बघायची नाही, त्या क्षणी खाली उतरायचं. आणि एकट्याला कधीच पाठवायचं नाही.

शिखराचा ट्रेक आणि पासचा ट्रेक यातला फरक पुष्कळांच्या लक्षात येत नाही. केदारकंठासारख्या ठिकाणी गेलात त्याच बाजूने उतरता, बिघडलं की पाठ फिरवली. हमताला मात्र ४,२७० मीटरचा पास ओलांडून पलीकडे शिया गोरूला झोपावं लागतं, आणि ते बालू का घेरापेक्षाही उंच आहे. पलीकडे गेल्यावर मागे फिरायचं म्हणजे पुन्हा पास चढायचा. म्हणून निर्णय पासच्या आदल्या रात्रीच व्हावा लागतो.

मग खाली कोण जाणार?

सगळ्यात मोठी चूक आमची इथे झाली. सकाळी पाच वाजता, चहाचे कप हातात, सगळे बुटांच्या लेसशी खेळत होते. वर्षभराच्या सुट्ट्या साठवून आलेले लोक. कळवावाला "मी एकटा जातो, पोर्टर आहे ना" म्हणत होता आणि दोघांना ते पटायलाही लागलं होतं. शेवटी बिस्किटाच्या पुड्याचे तुकडे करून चिठ्ठ्या टाकल्या. माझं नाव निघालं. मोठ्या मनाने वगैरे अजिबात नाही, पहिला तासभर मी त्याच्याशी बोललोसुद्धा नाही. ट्रेक सुरू होतो त्या जोबऱ्याला उतरेपर्यंत त्याचं डोकं दुखायचं थांबलं होतं आणि तिथल्या टपरीवर त्याने दोन प्लेट मॅगी हाणली. ते बघून माझा राग दुप्पट झाला.

आता चिठ्ठ्या आम्ही ठाण्यात तलावपाळीवर चहा पिता पिता टाकतो, तिकीट काढण्याआधी. पहिला आजारी पडला तर कोण उतरणार, दुसरा पडला तर कोण. ठरलेलं असलं की माणूस डोकं दुखतंय हे सांगायला लाजत नाही.

चालतानाही एक गोष्ट मित्रांमध्येच जास्त घडते. पुढचे चौघे टेकाडावर जाऊन मस्त बसतात, मागचा धापा टाकत पोहोचला की "चला" म्हणून उठतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा आणि तो बसून उठेपर्यंत कोणी उठू नका.

माळ्यावरचे बूट

ऐरोलीकराचे बूट महागडे होते, जेमतेम तीनदा वापरलेले, पाच वर्षं माळ्यावर खोक्यात. पहिल्याच दिवशी, पहिल्या ओढ्यानंतर, उजव्या बुटाचा सोल मगरीच्या जबड्यासारखा उघडला. दुपारपर्यंत डावाही. अनेक बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा थर असतो. आपल्याकडच्या दमट हवेत तो न वापरताही आतून कुजतो, बाहेरून बूट नवा दिसतो. निघण्याच्या महिनाभर आधी अंगठ्याने तो थर दाबून बघा. भेगा दिसल्या किंवा भुगा पडला तर ते बूट विसरा. बरे असतील तर चार-पाच वेळा सॅकसकट येऊरला घालून जा. अगदी नवे असतील तरी हेच.

वाटेत सोल निघालाच तर डक्ट टेप पुढून आणि मधून घट्ट गुंडाळायची, वरून दोरी. टेपचं अख्खं रीळ नको, पाण्याच्या बाटलीभोवती दोन मीटर गुंडाळून न्या. ऐरोलीकराने चार दिवस असेच काढले.

उतारावर अंगठ्याची नखं काळी पडतात ती बूट आखूड असल्याने किंवा घोट्याशी लेस सैल राहिल्याने. नखं कापा. टाचेला चुरचुरलं की तिथल्या तिथे टेप लावा, फोड यायची वाट बघू नका.

आणखी काही किरकोळ

सुती टी-शर्ट घामाने भिजला की वाळत नाही. पॉवरबँक विमानात केबिन बॅगेतच न्यावी लागते, आणि वर रात्री फोन-बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, थंडीत उतरतात. बर्फ वितळून वाहणारे ओढे सकाळी कमी असतात, दुपारी चढतात, म्हणून उशिरा निघू नका. बर्फावर गॉगलशिवाय चालू नका. सोसायटीच्या जिन्याने सराव करत असाल तर उतरतानाही लिफ्ट घेऊ नका, गुडघे उतारावरच बोलतात. फरसाणाऐवजी मेतकूट न्या, भूक मेलेली असताना मऊ भाताबरोबर तेवढंच जातं.

आणि ट्रेक संपतो त्याच दिवशीचं परतीचं तिकीट काढू नका. पावसात दरड कोसळली की मनालीचा रस्ता किती वेळ बंद राहील, कोणी सांगू शकत नाही. एक दिवस हाताशी असला तर आजारी मित्रासाठी थांबायचं की नाही, यावरून भांडणही होत नाही. आमच्या पासवरच्या फोटोत पाचच जण आहेत. यंदा पुन्हा तिथेच जातोय, आठ दिवसांचा प्लॅन करून, आणि तलावपाळीवरच्या चिठ्ठीत पहिलं नाव कळवावाल्याचं निघालंय.