बीसीए, बीसीएस, बीबीए-सीए झालंय, पण मुलाखतीत अडतंय? या चुका टाळा

मुलाखतीला आलेल्या एका मुलाचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता 'मेडिकल स्टोअर मॅनेजमेंट'. लॉगिन, औषधांची यादी, बिल, सगळं चालत होतं. मी विचारलं, "गिऱ्हाईक दहाच्या पाकिटातल्या चारच गोळ्या मागतं. तुझ्या डेटाबेसच्या टेबलात काय होतं?" तो गप्प. "मुदत संपलेला माल वितरकाकडं परत गेला, त्याची नोंद कुठं?" पुन्हा गप्प. कोड त्यानं स्वतः लिहिला होता, त्यात खोट नव्हती. पण एवढ्या महिन्यांत तो एकदाही औषधाच्या दुकानात जाऊन बसला नव्हता.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. इंजिनिअरिंगच्या मुलांशी फक्त कोडिंगच्या जोरावर टक्कर द्यायची, असं आपली मुलं धरून चालतात. तुम्ही शिकता तो माहिती-प्रणाली हा विषय मुळात धंदा आणि संगणक यांच्या मधला. अकाउंट्सचे, व्यवस्थापनाचे पेपर असतात ते त्यासाठीच, आणि मुलं नेमके तेच काठावर पास होण्यापुरते वाचतात.

घराजवळचं एक दुकान, पतसंस्था किंवा दूध संकलन केंद्र धरा. परवानगी घेऊन आठवडाभर तिथं बसा, कागद कुठून येतो नि कुठं जातो ते लिहून काढा. औषधाच्या दुकानात लगेच दिसेल की औषध तेच, पण बॅच वेगळी असली की मुदत वेगळी, कधी एमआरपीही वेगळी. म्हणजे साठा औषधाच्या नावावर मोजून भागत नाही, बॅचवर मोजावा लागतो. ज्या बॅचची मुदत आधी संपणार ती आधी विकायची. शेड्यूल एच-वन या सरकारी यादीतल्या औषधांसाठी डॉक्टर, रुग्ण आणि दिलेलं प्रमाण यांची वेगळी नोंदवही असते, ती ३ वर्षं जपून ठेवावी लागते. एवढं कळल्यावर तुमची टेबलं पहिल्यासारखी राहतच नाहीत. बिझनेस ॲनालिस्टचं काम याहून फार वेगळं नसतं. सॅप या कंपन्यांचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एमएम म्हणजे खरेदी आणि साठा, एसडी म्हणजे विक्री, फायको म्हणजे हिशेब. तिथं फंक्शनल बाजूला, म्हणजे धंद्याची रीत सॉफ्टवेअरमध्ये बसवायला, अशीच माणसं लागतात. परत आलेल्या मालाचा घोळ ज्याला ठाऊक आहे, तो टेस्टिंगही चांगलं करतो.

'एसक्यूएल येतं' असं लिहिण्याआधी

एसक्यूएल म्हणजे डेटाबेसच्या टेबलांतली माहिती काढायची भाषा. आता एक बिल घ्या, १,००० रुपयांचं. गिऱ्हाइकानं ते ६०० आणि ४०० असं दोनदा भरलं. बिलांचं आणि वसुलीचं टेबल सरळ जोडून बिलांची बेरीज काढा: उत्तर येतं २,०००. कारण वसुलीच्या दोन ओळी आहेत म्हणून बिलही दोनदा आलं. वसुलीची बेरीज बिलवार आधी करायची आणि मग जोडायचं. या एका प्रश्नावर मी बरीच मुलं अडलेली पाहिली आहेत. एसक्यूएल १९७०च्या दशकात आयबीएममध्ये जन्मलं आणि आजही डेटा ॲनालिस्टला, ईआरपीवाल्याला (सॅपसारख्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्याला), सपोर्टवाल्याला ते रोज लागतं. म्हणून सहा भाषांची नावं बायोडाटात घालण्यापेक्षा हे नीट करा, अगदी कळकळीनं सांगतो.

पात्रता उशिरा वाचणं

बँकांची भरती घेणाऱ्या आयबीपीएसच्या आयटी ऑफिसर पदाला नुसती बीसीए चालत नाही. संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्सकडची ४ वर्षांची इंजिनिअरिंग पदवी, एमसीएसारखी पदव्युत्तर पदवी, नाहीतर पदवीसोबत डोएकची (आताचं नायलिट, सरकारी संगणक-शिक्षण संस्था) 'बी' लेव्हल लागते. फॉर्म भरायला बसल्यावर हे कळलं तर वर्ष गेलंच समजा. एनआयटीतल्या एमसीएसाठी निमसेट ही प्रवेश परीक्षा द्यायची असेल तर पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र हवं, त्यामुळे विषय निवडतानाच हे बघा. एमसीए आता ३ नाही, २ वर्षांचं आहे. घरी खर्चाचा हिशेब मांडताना हे सांगा. आयटी ऑडिटची आवड असलेल्यांनी सिसा या आयटी ऑडिटच्या प्रमाणपत्राची माहिती घ्यावी. तिची परीक्षा आधी देता येते, प्रमाणपत्राला मात्र अनुभवाची वर्षं भरावी लागतात. आणि एमएस-सीआयटी सरकारी नोकरीत उपयोगी पडतं, सॉफ्टवेअरच्या मुलाखतीत त्याला वजन नाही.

खोटा अनुभव

पैसे घ्या, २ वर्षांचा अनुभव दाखवून देतो, असं सांगणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. पीएफच्या यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या क्रमांकावर, कुठं, कधीपासून कधीपर्यंत काम केलं ते दिसतं आणि पडताळणीत कंपन्या तेच बघतात. पकडलं गेलं की नोकरी जाते, तीही बहुधा रुजू झाल्यावर, घरच्यांनी पेढे वाटून झाल्यावर. नोकरीसाठी 'डिपॉझिट' मागणाऱ्याकडंही पाठ फिरवा. मोठ्या कंपन्या बीसीए, बीएस्सीवाल्यांना घेतात, पण काही ठिकाणी सेवाकरार असतो. सही करण्याआधी किती वर्षं आणि मध्येच सोडलं तर किती रक्कम, एवढ्या दोन ओळी तरी शोधून वाचा.

सपोर्टला कमी लेखणं

पहिली नोकरी सपोर्टची, म्हणजे वापरणाऱ्यांच्या अडचणी सोडवायची, मिळाली म्हणून रडवेली झालेली मुलं माझ्याकडं येतात. त्यांना मी एक वही करायला सांगतो. रोज बंद केलेल्या प्रत्येक तिकिटापुढं (तिकीट म्हणजे नोंदवलेली तक्रार) तीन गोष्टी लिहायच्या: कुणाचं काम अडलं, खरं कारण काय निघालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलावं लागेल. सहा महिन्यांनी ती वही घेऊन टीम लीडकडं जा आणि वरचेवर येणाऱ्या तीन अडचणी त्याच्यासमोर मांडा.