सपाट पत्र्याचं विद्युत क्षेत्र कसं काढावं

पातळ प्लास्टिकच्या पत्र्यावर दर चौरस मीटरला १.७७ मायक्रोकूलॉम प्रभार सारखा पसरलाय असं धरा. पत्र्याला आरपार छेदणारा छोटा दंडगोल कल्पा आणि गाऊसचा नियम लावा: बंद पृष्ठातून बाहेर पडणारा एकूण फ्लक्स (पृष्ठाला आरपार छेदणाऱ्या क्षेत्राचं माप) = आतला प्रभार ÷ एप्सिलॉन-शून्य (निर्वाताचा विद्युत स्थिरांक). वक्र बाजूतून फ्लक्स शून्य, उरतात दोन टोकं. म्हणून क्षेत्र = सिग्मा (दर चौरस मीटरचा प्रभार) ÷ (२ × एप्सिलॉन-शून्य), म्हणजे दर कूलॉमला १ लाख न्यूटन.

परीक्षेत गुण जातात ते सूत्रातल्या या २ वर; तो दोन टोकांमुळे येतो. धातूच्या पाटीत तो येत नाही, कारण तिथे सिग्मा एकाच पृष्ठाचा धरतात आणि धातूच्या आत क्षेत्र शून्य असल्याने एकच टोक मोजायचं.

शिवाय हे सूत्र अनंत पत्र्याचं. २० सेंमी त्रिज्येच्या तबकडीच्या अक्षावर, २ सेंमी अंतरावरच क्षेत्र सुमारे १० टक्के कमी भरतं. कडेजवळ तर ते वापरूच नका.