एचआरव्ही बायोफीडबॅक घरी कसं करावं: पट्टा, श्वास आणि वीस मिनिटं

मनगटावर अंगठ्याच्या खाली दोन बोटं ठेवा. नाडी लागली की सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. श्वास आत येताना नाडी किंचित पळते, सोडताना रेंगाळते. पाच-सहा श्वासांत बऱ्याच जणांना हे बोटाखाली कळतं, तरुणांना जास्त स्पष्ट. मिनिटाला ७५ ठोके म्हणजे सरासरी ८०० मिलिसेकंदांनी एक ठोका, पण प्रत्यक्षात एक ठोका ७६०ला पडतो तर दुसरा ८४०ला. या कमीजास्त अंतराला हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, म्हणजे एचआरव्ही म्हणतात. हा चढउतार पडद्यावर बघत बघत श्वासाने मोठा करायला शिकायचं, याला एचआरव्ही बायोफीडबॅक म्हणतात.

यामागचं कारण समजलं तर पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. रक्तदाब वाढला की मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांमधले संवेदक हृदयाचा वेग कमी करायला लावतात, दाब उतरला की वाढवायला. ही दुरुस्ती लागू व्हायला काही सेकंद जातात, म्हणून या यंत्रणेला स्वतःचा एक झोका असतो, साधारण दहा सेकंदांचा. झोपाळा नेमक्या वेळी ढकलला की थोड्या जोरात उंच जातो. तसाच श्वास या झोक्याच्या वेळेवर आला की ठोक्यांच्या चढउताराची लाट एकदम मोठी होते. पॉल लेहरर आणि येवगेनी वाश्चिलो या संशोधकांनी २००० साली मांडलेली पद्धत याच तत्त्वावर आहे. पुढे २००१ साली इटलीत लुचियानो बर्नार्दी यांच्या गटाला दिसलं, की लॅटिनमधली रोझरी, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना, किंवा ‘ओम मणि पद्मे हुं’ म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. जपमाळ ओढणाऱ्यांना याचं नवल वाटू नये.

साधन म्हणून छातीला बांधायचा ब्लूटूथ पट्टा घ्या, पोलर एच १० किंवा त्या जातीचा. मनगटावरच्या घड्याळाने हे काम नीट होत नाही. ते त्वचेतल्या रक्तप्रवाहावरून अंदाज बांधतं, आकडे सरासरी काढून उशिरा दाखवतं आणि हात हलला की चुकतं. कानाच्या पाळीला लावायचा संवेदक चालतो. अ‍ॅप निवडताना एकच गोष्ट बघा: ठोक्यांचा आलेख चालू असताना दिसतो का? नुसते शंभरपैकी गुण देणारं अ‍ॅप इथे उपयोगाचं नाही. श्वासाचा वेग दशांशात ठेवता येणारा पेसर, म्हणजे वरखाली होणारी पट्टी, हवाच.

पट्ट्याच्या आतल्या दोन्ही पट्ट्या पाण्याने ओल्या करा आणि पट्टा छातीच्या खालच्या कडेला घट्ट बसवा. आलेखात ७० वरून अचानक १५० आणि लगेच परत ७० अशी सुई उभी राहिली तर घाबरू नका. बहुतेक वेळा पट्टा सुकलेला किंवा सैल असतो. ओला करूनही सुया येतच राहिल्या तर मात्र ईसीजी काढून घ्या.

आता स्वतःचा वेग शोधायचा. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या, लगेच आधी चहा-कॉफी नको. पाठीला आधार देऊन, पाय जमिनीवर टेकवून बसा. पेसर क्रमाने मिनिटाला ६.५, ६, ५.५, ५ आणि ४.५ श्वासांवर ठेवा. प्रत्येक वेगावर दोन मिनिटं, मध्ये एक मिनिट नेहमीचा श्वास. मिनिटाला सहा म्हणजे दहा सेकंदांचा एक श्वास: चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. इतर वेगांनाही हेच प्रमाण. मध्ये श्वास रोखायचा नाही, कुंभकाची सवय असली तरी.

प्रत्येक वेगावर लाटेचा माथा आणि तळ वहीत लिहा. सहावर ठोके ६६ ते ७६ फिरले तर फरक १०, साडेपाचवर ६४ ते ७८ फिरले तर १४. ज्या वेगावर फरक सर्वांत मोठा आणि लाट गुळगुळीत, तो तुमचा. दोन वेग बरोबरीत आले तर सोपा वाटला तो घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. उंच माणसांचा वेग सहसा कमी निघतो.

सर्वांत जास्त घोळ होतो तो श्वासाच्या आकारात. ‘सावकाश’ म्हटलं की लोक ‘खोल’ ऐकतात, आणि प्राणायाम केलेले तर छाती भरून घेतात. मग पाचव्या मिनिटाला डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. गरजेपेक्षा जास्त हवा आतबाहेर झाल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्याचा हा परिणाम. तसं झालं तर वेग तोच ठेवा, श्वास निम्मा करा. आत घेताना मोगऱ्याचा वास घेतल्यासारखा, पोट अलगद पुढे येईल एवढाच. सोडताना बशीतल्या चहावर घालतो तशी फुंकर, चहा सांडणार नाही इतकी.

मूळ पद्धतीत रोज दोन वेळा वीस-वीस मिनिटं सांगितली आहेत. पहिला आठवडा पाच मिनिटांवर भागवा, मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून शेवटची काही मिनिटं पडदा झाकून करा आणि नंतर आलेख बघा. लाट टिकली असेल तर वेग अंगात मुरला.

भावनांवरच्या परिणामाबद्दल अपेक्षा मापात ठेवा. २०१७ साली २४ अभ्यासांचा, एकूण ४८४ जणांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात ताण आणि चिंता बऱ्यापैकी घटल्याचं दिसलं, पण म्हणजे एका अभ्यासात सरासरी वीसच माणसं. स्वतःपुरतं तपासायला वही पुरे: सरावाच्या आधी आणि नंतर घालमेल शून्य ते दहात किती, एवढं लिहा. भांडण पेटल्यावर पहिल्यांदाच हा श्वास काढून उपयोग होत नाही. अवघड फोन लावण्याआधी दोन मिनिटं केला तर होतो, तोही रोजचा सराव असेल तरच.

अ‍ॅपमधल्या आकड्यांनी हुरळून जाऊ नका. सरावाच्या वेळी एचआरव्ही उंच दिसणारच, लाट तुम्हीच मोठी केली आहे. मूळ पातळी बघायची तर सकाळी उठल्यावर, नेहमीच्या श्वासात मोजा आणि आठवड्याची सरासरी धरा. अपुरी झोप, ताप आणि दारू यांनी ती घसरते. मित्राच्या आकड्याशी तुलना तर नकोच. अ‍ॅपल वॉच एसडीएनएन दाखवतं, बाकी बरीच साधनं आरएमएसएसडी. दोन्ही एचआरव्ही मोजायच्याच रीती आणि मिलिसेकंदांत असल्या तरी मापं वेगळी आहेत.

एट्रियल फिब्रिलेशन (ठोके मुळातच अनियमित पडण्याचा विकार) किंवा पेसमेकर असेल तर हा आलेख वाचण्याजोगा राहत नाही. बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद करणारी गोळी, चालू असेल तर आकडे वेगळे येऊ शकतात, ते बघून गोळी बंद करू नका. हृदयविकार किंवा दमा असेल तर सुरुवातीलाच डॉक्टरांशी बोला. पॅनिकचा त्रास असणाऱ्यांपैकी काहींना स्वतःचे ठोके बघूनच धडधड वाढते. त्यांनी ठोक्याचा आवाज बंद ठेवावा, डोळे उघडे, समोर फक्त पेसर, आणि वेळ दोन मिनिटं. तरीही घाबरं वाटलं तर तिथेच थांबून नेहमीचा श्वास घ्यावा आणि पुढचा सराव समुपदेशकासमोर करावा.