जाम झालेला शाफ्ट न बिघडवता स्विंग आर्म कसा काढावा

स्विंग आर्म म्हणजे मोटरसायकलचं मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा भाग. तो ज्या आरपार दांड्यावर फ्रेमला जोडलेला असतो तो शाफ्ट. या शाफ्टचा नट गाडी जमिनीवर उभी असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्या. तो भरपूर आवळलेला असतो. गाडी उचलून ठेवल्यावर त्याला लांब पाना लावून झटका दिलात तर गाडी अंगावर यायला वेळ लागत नाही. मागच्या एक्सलचा नटही तेव्हाच सैल करा.

मग गाडी डबल स्टँडवर घ्या. तो नसेल तर फ्रेमखाली भक्कम टेकू द्या. या कामाला पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) लावायचा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्याचा मला फार राग येतो. तो स्टँड टेकतो स्विंग आर्मवरच, आणि आपल्याला काढायचाय तोच भाग! काही गाड्यांत शाफ्ट इंजिनाच्या बॉडीतून आरपार गेलेला असतो, तिथे इंजिनाखालीही लाकडी ठोकळा हवाच.

चाक, चेनकव्हर आणि शॉकअपचे खालचे बोल्ट काढा. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) तारेने फ्रेमला बांधा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका. चेन तोडायची बहुतेक गाड्यांत गरज नसते. पुढच्या स्प्रॉकेटवरून उतरवली की ती स्विंग आर्मबरोबरच बाहेर येते.

शाफ्ट काढण्याआधी स्विंग आर्मचं मागचं टोक धरून डावी-उजवीकडे हलवा. खडखड जाणवली तर बुश, म्हणजे शाफ्टभोवती बसणारे नळीसारखे भाग, गेले आहेत.

आता खरं काम. नट निघाला, पण शाफ्ट हलत नाही. पाणी आत शिरलेलं असतं, ग्रीस कधीच संपलेलं असतं आणि स्टीलचा शाफ्ट बुशच्या आतल्या स्टीलच्या नळीला गंजाने धरून बसलेला असतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी शाफ्टच्या आट्यांवरच हातोडा घातला. चार घावांत टोक छत्रीसारखं पसरलं आणि फ्रेमच्या भोकातून जाईना. कानशीने ते घासून काढण्यात माझी अख्खी दुपार गेली आणि शाफ्ट शेवटी नवाच घ्यावा लागला.

त्यामुळे हातोडा सगळ्यात शेवटी. आधी गंज सोडवणारं तेल दोन्ही टोकांना आणि फ्रेम व स्विंग आर्म यांच्यामधल्या फटीत सोडा, स्विंग आर्म खाली-वर हलवा आणि रात्रभर तसंच ठेवा. दहा मिनिटांत काही मुरत नाही. सकाळी पुन्हा तेल द्या.

मग शाफ्ट ठोकू नका, फिरवा. डोक्याला गोटी पाना लावून पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. आधी नुसता करकर आवाज येतो. थोड्या वेळाने फटीतून तांबूस, चिखलासारखं तेल पाझरायला लागलं की समजा गंज सुटतोय. शाफ्ट फिरू नये म्हणून डोक्याला फ्रेममध्येच अडवण असेल, तर मात्र फिरवण्याचा हट्ट धरू नका, अडवण तुटेल.

ठोकायची वेळ आलीच तर नट परत चढवा, शाफ्टच्या टोकाशी सपाट होईल इतकाच. त्यावर पितळी दांडा ठेवून सरळ, नेमके घाव घाला. नट फ्रेमला टेकला की तो काढून भोकापेक्षा बारीक दांड्याने पुढे ढकला. गॅसची ज्योत लावायचा सल्ला मुळीच ऐकू नका. बुशमधलं रबर किंवा प्लास्टिक वितळतं आणि तेल मुरवलेल्या जागी आग लागते. एवढं करूनही निघालाच नाही, तर फटीतून हॅकसॉ ब्लेड घालून शाफ्ट कापा आणि शाफ्ट, बुश दोन्ही नवे बसवा. फ्रेम वाकवण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

निघालेला शाफ्ट काचेवर लोळवून बघा. डुगडुगला तर वाकलाय, बदला. सरळ असेल तर बारीक पॉलिश पेपरने गंज काढा आणि बसवताना पूर्ण लांबीला ग्रीस लावा, आट्या सोडून.

जोडणी उलट क्रमाने. मात्र बुश रबराचे असतील तर शाफ्टचा नट स्विंग आर्म लोंबत असताना शेवटपर्यंत आवळू नका. चाक-शॉकअप बसवून गाडी जमिनीवर घ्या, कुणाला तरी सीटवर बसवा आणि मगच मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळा. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवे बुशही लवकर फाटतात.