बिल्ड हिरवं, साईट कोरी: ह्यूगो आणि गिटहब ॲक्शन्स वापरताना या चुका टाळा

"बिल्ड हिरवं आहे, पण लेख दिसत नाही." असा मेसेज आला की मी आधी लेखाची फाईल उघडून तारखेची ओळ बघतो. थीम, कॅश, सर्व्हर सगळं नंतर. ह्यूगो लेखांच्या फाईलींतून साईट तयार करतो, त्याला बिल्ड म्हणतात. गिटहब ॲक्शन्स ते काम गिटहबवर आपोआप चालवतं आणि बिनचूक झालं तर हिरवी खूण दाखवतं.

ह्यूगो पुढच्या तारखेचा लेख वगळतो आणि बिल्ड मात्र बिनतक्रार पूर्ण करतो. तारखेपुढे टाइमझोन नसेल, तर ती वेळ यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, धरली जाते. तुम्ही लिहिलेले सकाळचे ०७:०० त्याच्या लेखी आपल्याकडचे दुपारी साडेबारा. एका दिवाळी अंकाच्या साईटवर ऐन वसुबारसेला हा घोळ झाला. सातला पहिला लेख यायचा होता, फेसबुकवर गाजावाजा झालेला, संपादकांचे फोनवर फोन. साईट सांभाळणारा पोरगा हुशार, पण धीर नाही. त्याने पुन्हा पुश केलं, म्हणजे फाईली गिटहबवर चढवल्या. थीम बदलली. कॅशची स्टेप उडवली. दर वेळी हिरवी खूण, लेखाचा पत्ता नाही. त्याच्या लॅपटॉपवर लेख व्यवस्थित दिसायचा, कारण तिथे सर्व्हर कायम बिल्डफ्यूचर (पुढच्या तारखेचे लेखही घेण्याचा पर्याय) लावून चालायचा. शेवटी कुठूनशी ॲक्शन्सला काय करायचं ते सांगणारी एक भलीमोठी यामल फाईल आणून चिकटवली, पुश केलं, आणि लेख झळकला. घड्याळात पाऊण वाजला होता, म्हणजे साडेबारा उलटूनच गेले होते. श्रेय अर्थातच यामलला मिळालं, आणि ओळखीच्यांत ती फाईल 'रामबाण' म्हणून फिरली.

उपाय एका ओळीचा: साईटच्या कॉन्फिग फाईलमध्ये टाइमझोन 'एशिया/कोलकाता' द्या. मी तरीही प्रत्येक तारखेपुढे +०५:३० लिहितोच. 'ह्यूगो लिस्ट फ्यूचर' ही कमांड अडकलेले लेख दाखवते, तीही चालवून बघा. 'खऱ्या साईटवरच बिल्डफ्यूचर लावून टाका' असा सल्ला देणारे भेटतील. त्यांचं ऐकलंत तर भाऊबीजेचा लेख वसुबारसेलाच बाहेर.

शिवाय स्टॅटिक साईट, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली पानं, सातच्या ठोक्याला आपली आपण बदलत नाही, त्या वेळी कुणीतरी बिल्ड चालवावं लागतं. ॲक्शन्सचा क्रॉन (ठरलेल्या वेळी बिल्ड चालवणारं वेळापत्रक), वेगळं सांगितलं नसेल तर, यूटीसीवर चालतो. म्हणजे सकाळी सातसाठी १:३०. त्यातही गर्दी असेल तर उशीर होतो, तरी मी अर्धा तास आधीची वेळ कधीच देत नाही, पाच-दहा मिनिटं नंतरचीच देतो. आधी चाललेलं बिल्ड लेख घेणारच नाही. आणि पब्लिक रिपॉझिटरीत (गिटहबवरच्या, सगळ्यांना दिसणाऱ्या प्रकल्पात) ६० दिवस काही हालचाल नसेल तर गिटहब हे वेळापत्रक बंद करतं.

स्वतःच्या सर्व्हरवर आरसिंक या नक्कल करणाऱ्या साधनाने फाईली चढवणाऱ्यांची चूक याहून महागात जाते. डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये पहिल्या ओळीत पब्लिक फोल्डर तयार होतं, दुसऱ्या ओळीत ह्यूगो चालतो, तिसऱ्या ओळीत 'डिलीट' पर्याय (इथे नसलेल्या फाईली सर्व्हरवरूनही काढ) लावून आरसिंक. ह्यूगो आपटला तरी शेल पुढच्या ओळीवर जातं, आरसिंकला रिकामं फोल्डर मिळतं आणि तो सर्व्हरवरची साईट इमानेइतबारे पुसतो. वर्कफ्लोतल्या, म्हणजे ॲक्शन्सच्या यामलमधल्या, ओळी चूक झाली की थांबतात, पण तिथून बोलावलेल्या वेगळ्या स्क्रिप्टला ती शिस्त लागू होत नाही. तिच्यात 'सेट -ई' (चूक झाली की थांब) तुम्हीच लिहायचं. मी आरसिंकच्या आधी आणखी एक ओळ घालतो: इंडेक्स फाईल नसेल किंवा रिकामी असेल तर इथेच थांब. नवीन सर्व्हरवर पहिल्यांदा 'ड्राय-रन', म्हणजे काहीही न बदलता नुसती तालीम. दोन मिनिटं जातात, जाऊ द्या.

बाकीचं थोडक्यात.

थीम सबमॉड्यूल (जोडलेली वेगळी रिपॉझिटरी) असेल तर चेकआउटला, म्हणजे फाईली उतरवून घेणाऱ्या स्टेपला, तसं सांगा, नाहीतर थीमचं फोल्डर रिकामंच येतं.

फोटोचं नाव कॅपिटल अक्षराने आणि लिंक स्मॉलने: विंडोजवर चालतं, बिल्ड चालवणाऱ्या उबुंटूच्या मशीनवर (रनरवर) नाही.

सगळं आलं पण सीएसएस (पानाची सजावट) नाही? बेसयूआरएलमध्ये (कॉन्फिगमधल्या साईटच्या पत्त्यात) रिपॉझिटरीचं नाव लिहायचं राहिलं असेल.

ह्यूगोची आवृत्ती 'लेटेस्ट' ठेवू नका. आकडा लिहा, तोही अवतरणात. नुसतं ०.१२० लिहिलं तर यामल त्याचं ०.१२ करतं.

एसएसएच की (सर्व्हरमध्ये शिरण्याची किल्ली) यामलमध्ये लिहिली आणि पुढच्या कमिटमध्ये खोडली, तरी गिटच्या इतिहासात ती तशीच आहे. खोडाखोड सोडा, की बदला आणि नवी सीक्रेट्समध्ये, म्हणजे गिटहबच्या गुप्त नोंदींत, ठेवा.